शेवटच्या बारा टक्क्यांचा हिशेब

व्यापारी कुटुंबांच्या खरेदीच्या यादीत गेल्या काही वर्षांत ग्राफिक्स कार्ड हे नाव दिसू लागले आहे. दागिन्यांचे आराखडे आता संगणकावर त्रिमितीय स्वरूपात तयार होतात. वास्तुविशारद झालेली कन्या घराचे चित्र बांधकामाआधीच रंगरूपासह दाखवते. धाकटा मुलगा ॲनिमेशन शिकतो आणि दिवसाचे काम संपल्यावर त्याच यंत्रावर खेळही चालतात. या सर्वांचा भार वाहणारा भाग म्हणजे हे कार्ड. वरच्या श्रेणीतील कार्डाची किंमत लाखाच्या पुढे जाते, त्यामुळे खरेदीपूर्वी घरात चर्चा होतेच. परंतु ती बहुधा किमतीपाशीच थांबते. हे कार्ड तासाला किती वीज घेईल, ती वीज शेवटी कोठे जाईल आणि घेतलेल्या विजेपैकी किती खरोखर कामी येईल, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. ज्या समाजाने पै-पैचा जमाखर्च ठेवण्याची परंपरा जपली, त्याने या खर्चाकडेही त्याच नजरेने पाहणे उचित ठरेल.

पाऊणशे वॅटपासून पावणेसहाशे वॅटपर्यंत

संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा मोजक्या पण अनुभवी कारकुनांसारखा असतो. ग्राफिक्स कार्डात मात्र हजारो साधे कारकून एकाच वेळी छोटी छोटी आकडेमोड करत असतात. त्यांची गरज का पडते, हे एका आकड्यावरून कळते. ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्या पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू असतात. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे, तर दर सेकंदाला जवळपास ५० कोटी बिंदूंचे रंग ठरवावे लागतात, आणि प्रत्येक रंगामागे प्रकाश, सावली व अंतर यांचे स्वतंत्र गणित असते.

एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड बाजारात आणले, तेव्हा त्यावर एक लहान पंखा पुरेसा होता. २००३ मध्ये त्याच कंपनीच्या ‘एफएक्स ५८०० अल्ट्रा’ या कार्डाचा पंखा एवढा आवाज करू लागला की ग्राहकांनी त्याची तुलना धूळ ओढणाऱ्या यंत्राशी केली आणि पुढे कंपनीनेही स्वतःची थट्टा करणारी चित्रफीत काढली. संगणकाच्या मदरबोर्डवरील ज्या खाचेत हे कार्ड बसते, ती खाच नियमानुसार ७५ वॅटपर्यंतच वीज पुरवू शकते. त्याहून अधिक हवी असल्यास वेगळी केबल जोडावी लागते. २०१० चे ‘जीटीएक्स ४८०’ हे कार्ड २५० वॅटचे होते आणि त्याच्या उष्णतेची त्या काळी मोठी चर्चा झाली. २०१४ मध्ये एएमडी कंपनीने दोन चिपा एकत्र बसवलेले ५०० वॅटचे ‘आर९ २९५एक्स२’ हे कार्ड काढले. त्याला कारखान्यातूनच द्रवाने थंड करण्याची व्यवस्था द्यावी लागली. २०२२ च्या ‘आरटीएक्स ४०९०’ ला ४५० वॅट लागतात, तर २०२५ च्या ‘आरटीएक्स ५०९०’ ला ५७५ वॅट.

या वाटचालीत मधूनच उलट दिशेची उदाहरणेही आहेत. २०१६ चे ‘जीटीएक्स १०८०’ हे कार्ड १८० वॅटचे होते आणि तरीही आधीच्या पिढीतील २५० वॅटच्या ‘९८० टीआय’ पेक्षा वेगवान होते. म्हणजे अधिक काम आणि कमी वीज हे एकत्र साधणे अशक्य नव्हते. पुढे मात्र तो मार्ग मागे पडला.

घेतलेली वीज जाते कोठे?

हिशेबाच्या वहीत जमेची बाजू खर्चाच्या बाजूशी जुळावी लागते. निसर्गाची वहीदेखील तशीच आहे. कार्डात शिरलेला प्रत्येक वॅट अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. चित्र पडद्यावर दिसते, पण त्या चित्रासाठी खर्च झालेली वीज खोलीत उष्णता होऊन उरते. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे ५७५ वॅटचे कार्ड पूर्ण भाराने चालणे हे त्या खोलीत आणखी पाच-सहा माणसे येऊन बसण्यासारखे आहे. संगणकाचे इतर भाग धरून हा आकडा ७५० वॅटच्या आसपास गेला, तर एक टनाच्या एसीची एक पंचमांश क्षमता केवळ त्या एका यंत्रासाठी खर्ची पडते.

खरी अडचण उष्णतेच्या प्रमाणापेक्षा ती किती लहान जागेत निर्माण होते यात आहे. कपड्यांची इस्त्री १००० वॅटची असली, तरी तिचा तवा तळहाताहून मोठा असतो. ‘आरटीएक्स ४०९०’ ची चिप मात्र अवघ्या सहा चौरस सेंटिमीटरची असते. ती टपालाच्या तिकिटाहून फारशी मोठी नाही. तिच्यात ७,६०० कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर असतात. दर चौरस सेंटिमीटरमागील उष्णता पाहिली, तर ही चिप इस्त्रीला कितीतरी पटींनी मागे टाकते. आणि इस्त्री तापावी हा तिचा उद्देशच असतो, तर चिप तापली की तिला स्वतःचा वेग कमी करावा लागतो.

म्हणून चिपवर तांब्याचे एक चपटे, पोकळ भांडे बसवतात. त्यातील हवा काढून अगदी थोडे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळते, त्याची वाफ उष्णता घेऊन दूरच्या भागाकडे जाते, तेथे थंड होऊन पुन्हा पाणी बनते आणि आतील सच्छिद्र थरातून चिपकडे परत येते. तेथून उष्णता ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांत पसरते आणि पंखे ती हवेत सोडतात. या व्यवस्थेला किती काटेकोरपणा लागतो, हे २०२२ च्या अखेरीस एएमडीच्या ‘आरएक्स ७९०० एक्सटीएक्स’ या कार्डांच्या बाबतीत दिसले. काही कार्डे ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापू लागली. काही कार्डांच्या बाष्पपात्रात पाणी पुरेसे भरले गेले नव्हते, असे कंपनीने मान्य केले आणि ती कार्डे बदलून दिली. पाण्याच्या किंचित कमतरतेने मोठ्या किमतीचे यंत्र लंगडे झाले.

ही सारी व्यवस्था चिप आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकावर चालते. खोलीत २५ अंश तापमान असताना हा फरक मोठा असतो. अकोला, जळगाव किंवा नागपूर येथे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला, की तोच फरक आक्रसतो, पंखे जोराने फिरू लागतात आणि तरीही वेग घटतो. कापडाच्या दुकानातील तंतू किंवा धान्याच्या पेढीवरील धूळ पात्यांत साचली, तर हवेचा मार्गही अडतो. दुकानाच्या पोटमाळ्यावर, बंद कपाटात ठेवलेल्या संगणकाची स्थिती याहून बिकट असते.

वितळलेल्या जोडण्या

उष्णता केवळ चिपमध्येच निर्माण होत नाही. घरातील वीज २३० व्होल्टची असते, त्यामुळे ६०० वॅटच्या उपकरणाला तीन अँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो. ग्राफिक्स कार्ड मात्र १२ व्होल्टवर चालते. तेवढ्याच ६०० वॅटसाठी तेथे ५० अँपिअर प्रवाह लागतो. नव्या कार्डांत हा प्रवाह बोटभर लांबीच्या एकाच जोडणीतून, सहा बारीक टोकांमधून विभागून जातो. प्रत्येक टोकाच्या वाट्याला आठ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह येतो आणि टोकाची सहनशक्ती त्याहून फारशी जास्त नसते. एखादे टोक नीट टेकले नाही, तर त्याच्या वाट्याचा प्रवाह इतरांवर पडतो. आणि प्रवाह दुप्पट झाला की तेथील उष्णता चौपट होते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अशा जोडण्या वितळल्याच्या तक्रारी जगभरातून येऊ लागल्या. सुमारे ५० प्रकरणे नोंदली गेल्याचे आणि जोडणी पूर्ण आत न बसणे हे त्यामागील समान कारण आढळल्याचे एनव्हिडियाने सांगितले. पुढे जोडणीच्या रचनेत बदल झाला. ती पुरती बसली नसेल तर कार्डाला वीजच मिळू नये, अशा बेताने त्यातील संकेत देणारी टोके आखूड केली गेली. तरीही २०२५ मध्ये नव्या कार्डांबाबत पुन्हा तशा तक्रारी आल्या. एका बारीक केबलमधून ६०० वॅट नेताना चुकीला जागा फारच थोडी उरते, हा यातील बोध आहे.

वेग वाढतो बेरजेने, वीज वाढते चक्रवाढीने

हे इतके का वाढले? १९७४ मध्ये आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान होत गेला, की त्याला लागणारा व्होल्टेजही त्या प्रमाणात कमी करता येतो. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसूनही उष्णता वाढत नाही. सुमारे तीस वर्षे उद्योगाने या नियमाचा लाभ घेतला. २००५ च्या सुमारास व्होल्टेज आणखी उतरवणे कठीण झाले आणि तो लाभ संपला. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण विजेची बचत त्या प्रमाणात होईना.

त्यातच चिपचे एक गणित असे आहे की तिला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावा लागला, तर वीज १० टक्के वाढत नाही. ती ३३ टक्के वाढते. चक्रवाढ व्याजाचा अनुभव असलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. अर्थशास्त्रातील घटत्या फलाचा सिद्धांतही येथे तंतोतंत लागू पडतो. पहिल्या शंभर वॅटमधून जेवढे काम मिळते, त्याचा अगदी लहान हिस्सा शेवटच्या शंभर वॅटमधून मिळतो.

याचा पुरावा स्वतः उत्पादकानेच दिला आहे. एनव्हिडियाने मार्च २०२५ मध्ये व्यावसायिक कामासाठी ‘आरटीएक्स प्रो ६००० ब्लॅकवेल’ हे कार्ड जाहीर केले. त्याचा एक प्रकार ६०० वॅटचा आहे आणि ‘मॅक्स-क्यू’ नावाचा दुसरा प्रकार ३०० वॅटचा. दोन्हींतील गणनाकेंद्रांची संख्या २४,०६४ अशी एकच आणि स्मृतीही तेवढीच. कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार पहिले कार्ड सेकंदाला १२५ लाख कोटी गणिते करते, दुसरे ११० लाख कोटी. वीज निम्मी केली, तर काम अवघे १२ टक्क्यांनी घटते. दुसऱ्या शब्दांत, शेवटचे १२ टक्के मिळवण्यासाठी वीज दुप्पट करावी लागते. घरगुती कार्डांचेही असेच आहे. ‘आरटीएक्स ४०९०’ ला ४५० ऐवजी सुमारे ३०० वॅटवर मर्यादित केले, तर खेळांतील वेग साधारण पाच ते दहा टक्केच उतरतो, असे अनेक परीक्षकांना आढळले आहे.

मग उत्पादक कार्डे मुळातच कमी वीज घेणारी का ठेवत नाहीत? कारण बाजारात कार्डांची तुलना वेगाच्या तक्त्यावर होते. त्या तक्त्यात प्रतिस्पर्ध्यापेक्षा पाच टक्के वर दिसणे कंपनीच्या हिताचे असते. त्या पाच टक्क्यांचे वीजबिल मात्र कंपनीला भरावे लागत नाही. कारखान्यातून ठरवून आलेली मर्यादा ही तक्त्यासाठी असते, घरासाठी नसते. हे ओळखले, की पुढचा निर्णय सोपा होतो.

परिमाण कोणी ठरवायचे?

एका घराचा हिशेब मांडून पाहावा. ४५० वॅटचे कार्ड दिवसाला आठ तास, वर्षाचे ३०० दिवस पूर्ण भाराने चालले, तर १,०८० युनिट वीज लागते. तेच काम ३०० वॅटच्या मर्यादेत केले आणि वेग ८ टक्के घटला असे धरले, तर तास वाढतात, पण वीज सुमारे ७८० युनिट लागते. बचत ३०० युनिटची. एसीला तीन युनिट उष्णता बाहेर टाकण्यासाठी साधारण एक युनिट वीज लागते. खोलीत एसी असेल तर आणखी १०० युनिट वाचतात. युनिटचा दर १० रुपये धरला, तर वर्षाला ४,००० रुपये. लाखाच्या यंत्रापुढे ही रक्कम लहान वाटेल. परंतु भारतातील विजेचा मोठा भाग आजही कोळशापासून तयार होतो, आणि एका युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. ४०० युनिट म्हणजे चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या एखाद्या केंद्रात जळणारा सुमारे अडीचशे किलो कोळसा, त्याची राख, त्याला लागलेले पाणी आणि त्या ओघात होणारी सूक्ष्म जीवांची हानी.

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये भोगोपभोग परिमाण आणि अनर्थदंडविरती ही दोन व्रते सांगितली आहेत. पहिले व्रत उपभोगाची मर्यादा स्वतः आखण्यास सांगते; दुसरे, ज्यातून कोणताही हेतू साध्य होत नाही अशी हिंसा टाळण्यास सांगते. गृहस्थाला व्यवसाय करायचा आहे, मुलांना शिकवायचे आहे; त्यासाठी लागणारी वीज हा प्रयोजनाचा भाग आहे. परंतु प्रयोजन नसतानाही वीज जळते, याचे एक उदाहरण याच यंत्रात सापडते. सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा पडदा असताना, मोकळे सोडलेले कार्ड एखाद्या साध्या खेळात सेकंदाला २०० चित्रे तयार करू शकते. त्यांपैकी १४० चित्रे पूर्ण रूपात कोणाच्याही डोळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. पण त्यांच्यासाठी वीज पूर्ण खर्च होते आणि उष्णता पूर्ण निर्माण होते. अनर्थदंडाचे याहून स्पष्ट आधुनिक उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. कार्डाच्या कंपनीच्याच ॲपमध्ये चित्रांची संख्या पडद्याच्या क्षमतेइतकी मर्यादित करण्याची सोय असते. बहुतेक कार्डांत विजेची कमाल मर्यादा खाली आणण्याची पट्टीही असते. ती एकदम न उतरवता दहा-दहा टक्क्यांनी उतरवावी, प्रत्येक वेळी नेहमीचे काम करून पाहावे आणि काम अडू लागले की एक पायरी वर थांबावे. काही कार्डांत ही पट्टी फार खाली जात नाही. म्हणून खरेदीपूर्वीच ते विचारून घ्यावे. जोडणीची केबल पूर्ण आत बसली आहे, हे प्रकाशात पाहून खात्री करावी आणि ती टोकाजवळ घट्ट वाकवू नये. पात्यांतील धूळ दर दोन-तीन महिन्यांनी, संगणक बंद करून, काढावी. दुकानात हिशेबाच्या संगणकासाठी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच पेलतो. त्यावर असे यंत्र जोडले, तर वीज जाताच दोन्ही संगणक एकदम बंद पडून नोंदी गमावण्याचा धोका असतो. त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्याचा चरितार्थच या यंत्रावर चालतो, त्याने वेग का सोडावा? दागिन्याचे चित्र उद्या सकाळी ग्राहकाला द्यायचे असेल, तर आठ टक्केही मोलाचे ठरतात. अशा वेळी मर्यादा काही तासांपुरती जरूर काढावी. परिमाण म्हणजे गरजेचा नकार नव्हे. परंतु रात्रभर चालणाऱ्या कामाकडे पाहावे. पूर्ण शक्तीने दहा तासांत संपणारे काम मर्यादेत सुमारे १० तास ५२ मिनिटांत संपते. पहाटे पाचला संपणारे काम सहाच्या आत संपले, तर पेढी उघडण्याच्या वेळेत काही फरक पडत नाही. वीज मात्र साडेचार युनिटऐवजी सव्वातीन युनिट लागते. कामाला खरोखर किती घाई आहे, हे विचारण्याची सवय यातून लागते, आणि ती सवय केवळ संगणकापुरती राहत नाही.

पुढील पिढीची कार्डे आजच्याहून अधिक वीज मागतील की कमी, हे उत्पादक ठरवतील. घरात आलेले कार्ड किती वीज घेईल, हे ठरवणे मात्र घराच्या हातात आहे. ज्या घरात कार्ड आधीच आले आहे, तेथे पुढील वीजबिल येण्यापूर्वी मुलांनी आणि वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून ती पट्टी एकदा पाहावी. मर्यादा किती ठेवायची आणि का, याचा निर्णय मुलांकडूनच करवून घ्यावा. परिमाण स्वतः आखले, तर ते टिकते.